रुमाल, वर्ग आणि निशाणी
(कागदपत्रांच्या वर्गीकरणाचा एक सीमाभागीय इतिहास)

ग्रंथसंग्रह कितीही मोठा असला, तरी हवा तो ग्रंथ हव्या त्या वेळी हाती लागला नाही, तर तो संग्रह व्यर्थ होय. हेच तत्त्व दफ्तराला अधिक कठोरपणे लागू पडते. कारण तेथे न सापडलेल्या कागदापायी वाचकाची केवळ निराशा होत नाही, एखाद्या कुटुंबाची जमीन जाते. कागदावर कोणती खूण करावयाची, ती कोणी करावयाची आणि पुढे ती बदलता यावी की नाही, हे प्रश्न म्हणूनच वरवर कारकुनी वाटले तरी वस्तुतः न्यायाचे प्रश्न आहेत. बेळगाव-निपाणी परिसराने त्यांचा अनुभव दीड शतकाहून अधिक काळ घेतलेला आहे.

मराठी राज्याच्या दफ्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवीत. त्या गठ्ठ्यास रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास अशी त्यांची विभागणी आहे. या पद्धतीची मर्यादा उघड आहे. एक कागद एकाच रुमालात राहू शकतो. एखाद्या पत्रात देवस्थानाची सनद, भाऊबंदकीची तक्रार आणि गावच्या वसुलाचा आकडा असे तिन्ही विषय आले, तरी ते पत्र एकाच ठिकाणी बांधले जाणार. उरलेल्या दोन विषयांचा शोध घेणाऱ्यास त्याचा पत्ता लागणे योगायोगावर अवलंबून.

१८१८ साली पेशवाई संपली आणि हे दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. त्याचा कायदेशीर पुरावा म्हणून पद्धतशीर उपयोग होण्याची सुरुवात आपल्याच भागाशी निगडित आहे. बेळगाव-धारवाड परिसराला त्या अमदानीत 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत. येथील करमाफ जमिनींची चौकशी करण्यासाठी १८४३ साली गोल्डस्मिड यांची नेमणूक झाली. विंगेट यांच्याबरोबर इंदापूरच्या जमीन मोजणीत नाव मिळविलेले हेच ते अधिकारी. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने या चौकशीस इनाम कमिशनचे रूप आले. इनामदाराने सनद दाखवावयाची, भोगवटा किती वर्षांचा व किती पिढ्यांचा हे सांगावयाचे, आणि कमिशनच्या कारकुनांनी ते जुन्या दफ्तराशी ताडून पाहावयाचे, असा हा क्रम होता. आजच्या भाषेत ही कागदपत्रांची कायदेशीर छाननीच होती. परंतु दफ्तर सरकारच्या ताब्यात, चौकशी सरकारची आणि अपीलही सरकारकडेच. दिवाणी न्यायालयाचे दार बंद. इनामदारास आपल्या विरोधातील रुमाल स्वतः चाळून पाहण्याची सोय नव्हती. घरातील सनद वाळवीने खाल्ली असेल किंवा वाटणीत हरवली असेल, तर त्याची सारी मदार परक्याच्या खुणेवर.

इतका अधिकार हाती असूनही हे काम आवरेना. प्रत्येक कागद तपासून प्रत्येक हक्काचा निवाडा करणे दीर्घ काळाचे व असंतोष वाढविणारे ठरले. अखेर १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनी सरकारने तडजोड केली. ठरलेला सारा व नजराणा देण्यास तयार असणाऱ्याचे इनाम अधिक चौकशी न करता कायम होऊ लागले. कागदांच्या राशीपुढे राज्यकर्त्यांनी पत्करलेली ही माघारच होती.

चौकशी थांबली, पण तिच्या ओघात रुळलेले वर्ग राहिले. सरंजाम वर्ग १, व्यक्तिगत इनाम वर्ग २, देवस्थान इनाम वर्ग ३, आणि महार वतनासारखी गावकीच्या चाकरीची वतने वर्ग ६-ब. देवळाच्या जमिनीबाबत 'वर्ग तीन' हा शब्द आजही महसुली व्यवहारात ऐकू येतो. या आकड्यांवर माणसांची आयुष्ये बांधली गेली. १९२५ साली निपाणीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. त्यांनीच १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर एकाच खुणेच्या जमिनींची वाट दोन राज्यांत वेगळी झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. कनिष्ठ ग्रामवतने मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, तर इकडील गावकामगारांच्या वतनांना १९६१ चा म्हैसूरचा कायदा लागला. सीमेच्या अलीकडची व पलीकडची भावकी आपापला हक्क वेगळ्या कचेरीत, वेगळ्या कलमाखाली आणि वेगळ्या भाषेत शोधू लागली.

एका वस्तूची एकच जागा, ही अडचण ग्रंथालयांनी आपल्या परीने सोडविली. ड्युई यांची दशांश पद्धती १८७६ ची, डॉ. रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धती १९३३ ची. फडताळात ग्रंथाची जागा एकच राहिली, तरी त्याची कार्डे लेखक, शीर्षक व विषय अशा अनेक नावांखाली लावता आली. आज वकिलांच्या कचेऱ्यांतून कागदपत्रांच्या छाननीसाठी ज्या संगणक प्रणाली वापरतात, त्यांनी हेच तत्त्व पुढे नेले आहे. कागदाची प्रतिमा जागची हलत नाही. तिला 'संबंधित', 'गोपनीय', 'वारसा', 'हद्द' अशा हव्या तितक्या खूणचिठ्ठ्या जोडता येतात. आपल्या न्यायालयांत पुराव्याच्या कागदास निशाणी क्रमांक देतात, तो एकच असतो. येथे एका कागदास दहा निशाण्या लागू शकतात आणि त्यांपैकी कोणत्याही दोन एकत्र मागितल्या की नेमके तेवढेच कागद पुढे येतात. चांगल्या प्रणालीत कोणती खूण कोणी व केव्हा केली, याचीही नोंद राहते. इनाम कमिशनच्या काळी रयतेला हीच गोष्ट लाभली नव्हती.

मात्र खूण करणाऱ्यास कागद वाचता आला पाहिजे, ही अट कोणतेही यंत्र माफ करीत नाही. सीमाभागातील जुने कागद मोडीत आहेत, नंतरचे बाळबोधात, अलीकडचे कन्नडमध्ये. केवळ एकच लिपी जाणणारा तपासनीस उरलेल्यांवर 'असंबंधित' अशी चिठ्ठी लावून मोकळा होईल, आणि तो कागद जागेवर असूनही नाहीसा होईल. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल असो की महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा असो, या भूमीचे प्रश्न अखेर कागदांवर येऊन ठेपतात. म्हणून मोडी वाचणारे हात तयार करणे, घरोघरच्या पेट्यांतील कागदांच्या सूची करणे आणि प्रत्येक सूचीवर ती करणाराचे नाव व तारीख घालणे, हे कार्य दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या वाचनालयाने आपले मानावे. कागद आपल्याकडे आहेत. ते सापडावेत, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.