गाडा मागे, कागद जागच्या जागी

शिवाजी फाँटमधले माझे जुने लेख युनिकोडमध्ये आणायला नातवाने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून दिला. चालू केला तर काळी खिडकी नुसती गप्प! दहा मिनिटं वाट पाहिली, अडकला असं समजून बंद केला. तो मूळ फाईलवरच लिहीत होता. वडिलांवरच्या लेखाचा निम्मा मजकूर गेला तो गेलाच.

मग नातवाने त्यात 'बाकी किती' दाखवणारा आकडा बसवला, एकाच जागी बदलत राहणारा. कसं केलंस विचारलं तर म्हणतो, "आजोबा, कॅरेज रिटर्न."

मंडळी, मी थेट नवी पेठेतल्या टायपिंग क्लासात जाऊन पोचलो! गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, त्यांचंच यंत्र होतं. ओळ संपत आली की घंटी वाजे. डावीकडचा दांडा ढकलला की दोन कामं होत : गाडा, म्हणजे कॅरेज, ओळीच्या सुरुवातीला येई आणि कागद एक ओळ वर सरके. दांडा विसरून नुसता गाडाच ढकलला तर कागद जागच्या जागी. मग अक्षरावर अक्षर, आणि सरांची बोलणी.

तारयंत्रासाठी डोनाल्ड मरे याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दोन कामांना दोन वेगळे संकेत दिले. १९६३च्या आस्की संकेतावलीत गाडा परत आणण्याला १३ आणि कागद सरकवण्याला १० हा क्रमांक मिळाला. पडद्याला ना गाडा, ना कागद. तरी तेरा नंबर टिकला. कागदावर त्याने गिचमीड होई, पडद्यावर मात्र जुनं अक्षर जाऊन नवं बसतं. पायथनचा 'प्रिंट' एरवी शेवटी आपणहून नवी ओळ घेतो, तिथे नातवाने हा तेरा नंबर दिला. शिवाय 'लगेच दाखव' असंही बजावावं लागतं, नाहीतर नवी ओळ येईपर्यंत मजकूर आतच साठून राहतो.

एवढं करूनही दहानंतर पडद्यावर आले नव्वद! नातू चक्रावला. मला हसू आलं. दहावर नऊ ठोकला, पण मागचं शून्य तसंच राहिलं होतं. "नऊनंतर एक स्पेस मार," म्हटलं. झालं काम.

वडिलांवरचा लेख आठवून पुन्हा लिहितोय. दोन पानं झालीत.