मीठ, मूत्रपिंड आणि महसूल

सातपाटीपासून नवापूर, दांडी आणि तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायला मिठाची गरज पडत नाही. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर टांगले, की बाकीचे काम ऊन आणि वारा करतात. घोळ, दाढा यांसारखी जाड मांसाची मासळी मात्र खारवल्यावाचून टिकत नाही, आणि समुद्राच्या काठी जन्म काढणाऱ्या कोळ्यालाही त्यासाठी मीठ विकतच घ्यावे लागे. वसई-भाईंदरच्या खाजणांत उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यावे, ते उन्हात आटवावे, चुना व जिप्सम तळाशी बसल्यावर मागाहून मीठ ओढावे, ही विद्या फार जुनी. परंतु १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात या मिठावर मणामागे आठ आणे जकात बसली आणि मिठागरांभोवती सरकारी बंदोबस्त उभा राहिला. १८४४ साली ती जकात रुपयावर नेताच सुरतेत दंगा उसळला.

याच सुमारास, १८४२ साली, जर्मनीत कार्ल लुडविग या शरीरशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की मूत्रपिंड रक्तातील पाणी व विद्राव्य द्रव्ये प्रथम सरसकट गाळून टाकते आणि मग त्यांतील पाण्याचा मोठा अंश रक्तात परत जातो. मीठ आणि साखरही अशीच परत घेतली जातात याचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फिलाडेल्फियात वर्न व रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळणीतून केसाएवढ्या काचनळीने थेंब काढला. त्यात ग्लुकोज व क्लोराइड सापडले, मूत्राशयातील मूत्रात मात्र ती नव्हती. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील दीड किलोच्या आसपास मीठ जवळजवळ सर्व, आणि १८० ग्रॅमच्या सुमारास ग्लुकोज तर संपूर्ण, रक्तात जमा होते. रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमपलीकडे गेली, तरच ती मूत्रात उतरू लागते.

परंतु हा काटेकोर कारभारी गाळलेल्याचाच हिशेब ठेवू शकतो. त्वचेवाटे घामातून गेलेले मीठ त्याच्या अखत्यारीबाहेरचे. घामाच्या ग्रंथी काही अंश मागे ओढतात खऱ्या, तरी वैशाखाच्या उन्हात मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याची किंवा शेतावर खपणाऱ्या वारल्याची तूट अन्नातूनच भरून निघावी लागते. गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात, श्रीमंतापेक्षा गरिबाला मीठ अधिक खावे लागते, म्हणून हा कर त्याच्यावर सर्वांत जड पडतो, असे मांडले होते. पुढच्याच महिन्यात ते ज्या दांडीला पोहोचले ती तारापूरशेजारची नव्हे, तर याच किनाऱ्यावर उत्तरेस गुजरातेत असलेली.

१ एप्रिल १९४७ पासून मीठकर रद्द झाला. जे द्रव्य शरीर इतक्या कसोशीने राखते त्याचे गिऱ्हाईक कधीच मोडत नाही, हे महसुली हिशेबाने अचूक हेरले होते. आणि ज्याच्या घामातून ते सर्वाधिक वाहते त्याच्याच कमाईतून ही वसुली सर्वाधिक व्हावी, हा अन्याय त्या हिशेबाच्या चुकीतून नव्हे, तर त्याच्या अचूकपणातूनच उपजला होता.