जुन्या 'ड्रॅगन'च्या अंकांतले प्रोफेसर बार्कर

अमेरिकेत 'द ड्रॅगन' नावाचं एक नियतकालिक निघायचं. त्याचा डिसेंबर १९७६ चा चौथा अंक टेकुमेल नावाच्या एका कल्पित जगावरचा विशेषांक होता. हे जग रचणाऱ्या माणसाचं नाव छापून यायचं ते असं : प्रोफेसर एम. ए. आर. बार्कर. यातल्या पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ मुहम्मद अब्दुर्रहमान. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाविषयीचे विषय शिकवत. राक्षस, तलवारी आणि चित्रविचित्र फाशांच्या त्या दुनियेत हे नाव कसं पोचलं आणि २०२२ मध्ये त्या नावाचं काय झालं, ते आज लिहायचं आहे.

आधी खेळाविषयी थोडं सांगतो, कारण मराठीत यावर फारसं लिहिलं गेलेलं नाही. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो : तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दाराशी उभे आहात, आतून उजेड येतोय. बाकीचे आपापलं पात्र घेऊन उत्तर देतात : मी आत जातो, मी दार ठोठावतो, मी पळ काढतो. जिथं नशिबाचा प्रश्न येतो तिथं फासे टाकायचे. त्यातला एक फासा वीस बाजूंचा असतो. हरणं-जिंकणं असं फारसं काही नसतं, गोष्ट पुढं जात राहते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला छापून विक्रीला आलेला पहिला खेळ. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो काढला. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावातली टीएसआर ही छोटी कंपनी त्याची प्रकाशक होती. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या एक हजार.

नियमांची ती पुस्तकं अर्धवट आणि गोंधळाची होती. प्रत्येक गावातला गट आपल्या समजुतीप्रमाणं खेळायचा आणि अडलं की पत्रं लिहायचा. त्या पत्रांतून मासिकं उभी राहिली. टीएसआरनं १९७५ च्या वसंतात 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' नावाचं पत्रक सुरू केलं. ते बंद होऊन जून १९७६ मध्ये टिम कास्क यांच्या संपादनाखाली 'द ड्रॅगन' निघालं. इंग्लंडमध्ये १९७७ साली 'व्हाइट ड्वार्फ' आलं. या सगळ्यांहून मला जास्त आवडणारी गोष्ट लॉस एंजलिसमधली. तिथं जून १९७५ मध्ये ली गोल्ड या बाईंनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' सुरू केलं. याची पद्धत अशी : प्रत्येकानं आपापली पानं लिहून पाठवायची, पुढच्या महिन्यात एकमेकांच्या लिखाणावर मतं मांडायची, आणि बाईंनी ती सगळी पानं एकत्र टाचून सर्वांना टपालानं धाडायची. आपल्याकडं लघुअनियतकालिकवाले सायक्लोस्टाइलवर करायचे तसलाच हा उद्योग. फरक इतकाच, की हा जवळपास पन्नास वर्षं चालला.

'ड्रॅगन'चे पहिले २५० अंक १९९९ मध्ये सीडीवर आले. ते सलग वाचताना खेळाच्या नियमांपेक्षा माणसंच जास्त भेटतात. एखादा तलवारीचं वजन किती असावं यावर हुज्जत घालतोय, दुसरा जादूगाराला रोज किती मंत्र द्यावेत याचं गणित मांडतोय. आणि त्या वेळच्या तरुण पुरुषांच्या डोक्यात काय होतं, तेही लपत नाही. ऑक्टोबर १९७६ च्या तिसऱ्या अंकात लेन लकोफ्का यांचा स्त्री-पात्रांविषयीचा लेख आहे. त्यात बायकांच्या पात्रांना ताकद कमी ठेवलेली आणि 'सौंदर्य' हा वेगळा गुण मोजायला दिलेला. लेखकाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट बायका खेळात याव्यात म्हणूनच त्यानं ते लिहिलं होतं. आज तो लेख वाचून कुणीही मान हलवेल. पण त्याचं एक बरं आहे. जे काही आहे ते पानावर आहे, कुणालाही काढून दाखवता येतं.

बार्कर यांची गोष्ट तशी नाही.

त्यांचा जन्म १९२९ चा, वॉशिंग्टन राज्यातला, आणि मूळ नाव फिलिप. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शिष्यवृत्तीवर हिंदुस्थानात आले आणि त्या काळात त्यांनी इस्लाम कबूल केला. पुढं कॅलिफोर्नियात डॉक्टरेट केली ती क्लामथ या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या भाषेवर. त्या भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश त्यांनी तयार केला. मग माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या इस्लामी अभ्यास संस्थेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. 'अ कोर्स इन उर्दू' हे त्यांचं पुस्तक १९६७ चं. अमेरिका-कॅनडात उर्दू शिकणाऱ्यांच्या कित्येक तुकड्या त्यावर तयार झाल्या. बलुची भाषेचा अभ्यासक्रमही त्यांनी सहलेखकासोबत केला. म्हणजे भाषेचा खरा मेहनती माणूस.

टेकुमेल मात्र त्यांच्या मनात लहानपणापासून होतं. मिनेसोटात आर्नसन आणि त्यांची मंडळी खेळत होती, तिथून या नव्या खेळाची खबर बार्कर यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी आपल्या जगाला खेळाचे नियम जोडले आणि १९७५ मध्ये टीएसआरनं 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या नावानं तो खेळ छापला. गायगॅक्स यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि टेकुमेलची तुलना थेट टॉल्किनच्या जगाशी केली.

तुलना उगाच नव्हती. त्या वेळचे बाकीचे खेळ युरोपातल्या किल्ल्यांत आणि बुटक्या-परीच्या गोष्टींत रमलेले होते. टेकुमेलमध्ये यातलं काहीच नाही. तिथं लोखंड दुर्मिळ, म्हणून चिलखत करायचं ते च्लेन नावाच्या जनावराच्या कातडीचं. समाज कुळांत वाटलेला, कुळांची उतरंड ठरलेली. मंदिरं, पुजारी, सम्राट, गुलाम. प्राचीन मेक्सिको, इजिप्त आणि आपला उपखंड यांचे रंग त्यात मिसळलेले दिसतात. त्सोल्यानी ही तिथली भाषा, तिची लिपी आणि व्याकरण बार्कर यांनी स्वतः रचलं. त्या भाषेत समोरच्याचा दर्जा पाहून 'तू'ची कितीतरी रूपं बदलतात. तू-तुम-आपमध्ये वाढलेल्या माणसाला ही युक्ती कुठून आली असेल ते सांगायला नको.

सगळ्यात विशेष मला वाटते ती या खेळाची सुरुवात. नवा खेळाडू वीर म्हणून सुरू होत नाही. तो जकाला नावाच्या बंदरात बोटीतून उतरलेला परका असतो. त्याला इथले रिवाज ठाऊक नसतात, राहायचं ते परक्यांच्या वस्तीत, शहरात मनाला येईल तिथं फिरण्याची मुभा नाही. अमेरिकन पोरांना १९७५ मध्ये 'परका' होऊन खेळायला लावणारा हा खेळ होता. एका अमेरिकन मुसलमान प्राध्यापकानं तो केला होता, आणि मासिकांनी त्याला आदरानं 'प्रोफेसर' म्हणून छापलं होतं. पुढं १९८४ आणि १९८५ मध्ये 'मॅन ऑफ गोल्ड' आणि 'फ्लेमसाँग' या त्यांच्या दोन कादंबऱ्याही आल्या. २०१२ साली ते वारले तेव्हा या छंदाच्या जगानं एक बुजुर्ग गेल्याचा शोक केला.

मार्च २०२२ मध्ये त्यांच्या साहित्याची व्यवस्था पाहणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननं एक निवेदन काढलं. 'सर्पंट्स वॉक' ही १९९१ सालची, टोपणनावानं छापलेली कादंबरी बार्कर यांचीच आहे, असं त्यात मान्य केलेलं होतं. कादंबरीचं कथानक असं : दुसऱ्या महायुद्धात हरलेले हिटलरचे एसएस सैनिक भूमिगत होतात, पैसा आणि प्रसारमाध्यमं हळूहळू हाती घेतात आणि शंभर वर्षांनी अमेरिकेत पुन्हा डोकं वर काढतात. यात नायक कोण हे वेगळं सांगायला नको. प्रकाशक नॅशनल व्हॅनगार्ड बुक्स, म्हणजे विल्यम पीअर्स या नवनाझी पुढाऱ्याच्या संघटनेची प्रकाशन संस्था. याच पीअर्सनं लिहिलेली 'द टर्नर डायरीज' वाचून पेटलेल्या टिमथी मॅकव्हेनं १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत स्फोट घडवला आणि १६८ माणसं मारली. एवढ्यावर थांबत नाही. ज्यूंचा वंशसंहार झालाच नाही असं सांगणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावरही १९९० च्या दशकात बार्कर यांचं नाव होतं.

हे कळल्यावर मी 'ड्रॅगन'चे ते जुने अंक पुन्हा चाळले. त्यांत काही सापडत नाही. दुष्ट देवतांची यादी आहे, बळी देणारे पुजारी आहेत. पण ते कल्पित जगातलं नाट्य, त्यावरून कुणाला नाझी ठरवता येत नाही. पश्चातबुद्धीनं प्रत्येक ओळीत विष शोधत बसणं मला पटत नाही. जे पानावर आहे तेवढंच पान सांगतं. मासिकानं आपल्याला एक कल्पक प्राध्यापक दाखवला आणि तो खराही होता. फक्त तेवढाच नव्हता.

आता आपल्याविषयी. मुसलमान समाजात एक यादी नेहमी फिरत असते : अमुक शास्त्रज्ञ आपला, तमुक खेळाडूनं इस्लाम कबूल केला, फलाण्या गोऱ्या प्राध्यापकानं कलमा वाचला. पूर्वी ती तकरीरीत आणि छोट्या पुस्तिकांत असायची, आता व्हॉट्सअॅपवर असते. ती का फिरते हेही मला कळतं. रोजच्या बातम्यांत आपलं नाव फक्त संशयित म्हणून येत असेल, तर कुठंतरी सन्मानानं छापलेलं 'मुहम्मद' पाहून बरं वाटणारच. पण बार्कर यांचं उदाहरण सांगतं, की नाव ही काही हमी नव्हे. ज्या विचारसरणीत मुहम्मद नावाच्या माणसाला जागाच नाही, तिच्यासाठी या मुहम्मदनं कादंबरी लिहिली. याचं कोडं मला उलगडत नाही, आणि ते आता त्यांना विचारताही येणार नाही.

दुसरं म्हणजे, ज्यूंच्या द्वेषाचा विषय निघाला की आपल्यातले काही जण पॅलेस्टाइनकडं बोट दाखवून गप्प बसतात. गाझातल्या मुलांसाठी रडणारं मन माझंही आहे. पण त्या दुःखाचा आणि गॅसच्या कोठड्या नाकारण्याचा काही संबंध नाही. एका जुलमाची साक्ष देण्यासाठी दुसरा जुलूम खोटा ठरवावा लागत नाही. खरी साक्ष आपल्याच माणसांविरुद्ध जात असली तरी द्यावी, असं कुरआनानं बजावलेलं आहे. बार्कर 'आपले' म्हणून यादीत असतील, तर ही साक्षही त्याच यादीत लिहावी लागेल.

मग त्या मासिकांचं, त्या खेळाचं, त्या उर्दूच्या पुस्तकाचं करायचं काय? हदीसच्या अभ्यासकांनी यावर फार पूर्वी एक रीत घालून दिली आहे. ते सांगणाऱ्याची चौकशी वेगळी करायचे आणि सांगितलेल्या मजकुराची वेगळी. सनद आणि मतन. सांगणाऱ्याचा दोष लपवायचा नाही, ग्रंथात त्याच्या नावापुढं तो नोंदवून ठेवायचा. पण म्हणून नोंदवही जाळायची नाही. 'अ कोर्स इन उर्दू'मधली क्रियापदं आजही बरोबरच आहेत. जकालाच्या बंदरात उतरलेला परका आजही मला भावतो. ज्यांना हा खेळ यापुढं नकोसा झाला, त्यांचंही मला पूर्ण पटतं, विशेषतः ज्यांच्या घरातली माणसं त्या छळछावण्यांत गेली त्यांचं.

'ड्रॅगन' सप्टेंबर २००७ मध्ये छापील रूपात बंद झालं. तोवर ३५९ अंक निघाले होते. पुढं कुणी मराठीत किंवा उर्दूत या खेळांचा इतिहास लिहायला घेतला, तर त्यात चौथ्या अंकाचं पान येईलच. तिथं मुहम्मद अब्दुर्रहमान बार्कर हे नाव पूर्ण लिहावं, टेकुमेलचं श्रेय त्यांना द्यावं आणि त्याच परिच्छेदात 'सर्पंट्स वॉक'चंही नाव घालावं. तळटीपेत नको.