शहापूरची पेठ आणि वेंगुर्ल्याचे बंदर

गोव्यात लग्न ठरले की अनेक घरांतून साड्यांच्या खरेदीसाठी बेळगाव-शहापूरची फेरी होतेच. आपल्या लेखी शहापूर म्हणजे बेळगावचाच एक भाग. कपिलेश्वराच्या देवळाजवळ रेल्वेमार्ग ओलांडला की आले शहापूर. पण १९४८ पर्यंत तिथे राज्य बदलत असे. बेळगाव इंग्रजांचे आणि शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचे!

शहापूरच्या खडेबाजारातून हिंडताना मला नेहमी प्रश्न पडे, समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर ही पेठ फुलली कशी? विणकरांचे हातमाग हे एक कारण झालेच. दुसरे कारण शोधायचे तर घाट उतरावा लागतो. म्हणून एकदा परतताना चोर्ल्याची वाट सोडून मी आंबोलीमार्गे वेंगुर्ला गाठले. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. माथ्यावरची ऊस-भाताची शेते मागे पडतात, हवा दमट होते आणि माड, पोफळी, काजू, कोकम सुरू होतात. वर जे पिकत नाही ते खाली आणि खाली जे नाही ते वर. सगळ्या व्यापाराचे मूळ इथे आहे. मीठ, नारळ, सुके मासे वर चढत. कापूस, कापड, धान्य खाली उतरे. आधी बैलांच्या पाठीवरून, मग रस्ता झाल्यावर गाड्यांतून.

वेंगुर्ल्यात डच वखारीची भग्न वास्तू अजून उभी आहे. डचांनी १६३७ च्या सुमारास इथे ठाणे केले. गोव्याच्या तोंडावर नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना इथूनच रसद मिळे. म्हणजे आपल्या गोव्याचा गळा आवळायला हे बंदर कामी आले. पुढे १८१२ मध्ये सावंतवाडीकरांनी ते इंग्रजांना दिले आणि घाटावरच्या मालामुळे त्याची भरभराट झाली.

मग गोव्याची पाळी आली. १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे सुरू झाली, घाटावरचा माल मुरगावकडे वळू लागला आणि वेंगुर्ला हळूहळू निपचित पडले. बंदर तेच, समुद्र तोच. फक्त घाटाची वाट दुसरीकडे गेली.

शहापूर मात्र टिकले. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा ही रेल्वेही थांबली. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि आपली माणसे पुन्हा मोकळेपणी पेठेत दिसू लागली. सीमेचा वाद आजही मिटलेला नाही, पण दुकानात मराठी, कोकणी आणि कानडी एकाच गादीवर ऐकू येतात.

गोव्याचा इतिहास आपण जहाजांचा म्हणून वाचतो. त्यात घाटमाथ्यावरचे विणकर, गाडीवान, अडते कुठेच नसतात. साडी खरेदीला जाल तेव्हा येताना वेंगुर्ल्यावरून या. ती वखार पडायच्या आत एकदा पाहून घ्या.