कंस, रफार आणि कलम १५५ : सिंधुदुर्गातील संगणकीय सातबाऱ्याचा इतिहास

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि पुढे कुडाळ तालुक्यातील ओरोस, रानबांबुळी व अणाव या गावांच्या हद्दीत सिंधुदुर्गनगरी हे मुख्यालय उभे राहिले. नगरी नवी असली तरी तिच्या वाट्याला आलेले महसुली दप्तर जुने होते, आणि तेही एका प्रकारचे नव्हते. किनारपट्टी आणि उत्तरेकडील भाग ब्रिटिश अमलातल्या रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि तिथल्या अनेक गावांवर खोतीची छाप होती. दक्षिणेकडील मुलूख १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता. खोती १९४९ च्या कायद्याने संपली, संस्थान विलीन झाले, पण दोन्हीकडच्या नोंदींच्या सवयी कागदावर राहिल्या. पुढे हे दप्तर संगणकात भरताना ज्या अडचणी आल्या, त्यांपैकी बऱ्याच या कागदातच दडलेल्या होत्या.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि आजचे गाव नमुने तिच्या नियमांवर चालतात. नमुना सात हा अधिकार अभिलेख, नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा. नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराची गावातील सगळी जमीन एकत्र दिसते आणि नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही. विक्री, वारस, वाटप, बोजा असे काहीही झाले की आधी सहामध्ये नोंद, मग संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटीस आणि पंधरा दिवसांची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी सातबाऱ्यावर अंमल, असा हा क्रम असतो.

हस्तलिखित सातबारा वाचायची एक रीत होती. हक्क संपलेल्या माणसाचे नाव खोडत नसत. ते कंसात टाकत आणि ज्या फेरफाराने हक्क गेला त्याचा क्रमांक वर्तुळात लिहीत. त्यामुळे एकाच पानावर आजोबा, वडील आणि हयात मुले असे सगळेच दिसत. कोण चालू आणि कोण कमी झालेला हे तलाठ्याला कंसावरून कळे. नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असे शेरे त्याच ओळीत लिहिलेले असत. या नोंदी जाणकाराने वाचायच्या हिशेबाने केलेल्या होत्या. संगणकाला मात्र प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा रकाना लागतो.

संगणकीकरणाची सुरुवात दिल्लीतून झाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ मध्ये स्थापन झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे जाळे जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचू लागले. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. नंतर ती टप्प्याटप्प्याने इतरत्र आली. राज्यातील सातबाऱ्यासाठीचे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुणे केंद्राने तयार केले आणि देखरेख पुण्याच्याच जमाबंदी आयुक्तांकडे राहिली. ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आणि तालुक्यांच्या वाट्याला मुख्यतः माहिती भरणे, तपासणे आणि तक्रारी निस्तरणे आले.

पहिली मोठी अडचण कंसाची. माहिती भरणाऱ्याने कंसातले नाव चालू खातेदार म्हणून भरले, तर ज्याचा हक्क संपला तो पुन्हा मालक होतो. कंस समजून चुकीचे नाव गाळले, तर हयात मालक दप्तरातून नाहीसा होतो. प्रोग्राम दोन्ही वेळा बिनचूक चालतो. म्हणून अशा तक्रारीत सॉफ्टवेअर तपासण्यापूर्वी हस्तलिखित पान आणि वर्तुळातला फेरफार क्रमांक पाहावा लागतो. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्येही हाच नियम आहे: निकाल चुकला की आधी आत गेलेली माहिती बरोबर होती का ते पाहायचे, मग हिशेबाकडे वळायचे.

दुसरा गट क्षेत्राच्या तफावतीचा. सातबाऱ्यावरचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळली पाहिजे. ती न जुळण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि आकड्यांतला फरक पाहून बहुधा कारण ओळखता येते. जुनी मोजणी एकर, गुंठे, आण्यांत होती: चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. दशमान पद्धतीत तेच हेक्टर, आर, चौरस मीटर झाले. ३ एकर १७ गुंठे ८ आणे म्हणजे एकशे साडेसदतीस गुंठे; एक गुंठा सुमारे १.०११७ आर, म्हणून क्षेत्र १३९.११ आर, अर्थात १ हेक्टर ३९ आर ११ चौरस मीटर. याचे पाच समान हिस्से केले तर प्रत्येकाला २७.८२२ आर येतात. दोन दशांश स्थळांपर्यंत २७.८२ लिहिले की पाचांची बेरीज १३९.१० होते आणि एक चौरस मीटर हरवतो. इतका बारीक फरक दिसला की तो पूर्णांकनाचा समजावा.

फरक मोठा आणि विचित्र असेल तर कारण दुसरे. ‘१ हेक्टर ५ आर’ हे १.०५ असे भरायचे, घाईत १.५ भरले की ४५ आर जास्त होतात. फरक मूळ क्षेत्राच्या पटीत असेल तर सामाईक खाते तपासावे. कोकणात एकाच हिश्शावर भाऊ, पुतणे, चुलते अशी मोठी यादी सामाईक असते आणि क्षेत्र सगळ्यांचे मिळून एकच असते. चार भावांचे सामाईक ४० आर प्रत्येकाच्या नावापुढे स्वतंत्र भरले गेले तर बेरीज १६० आर येते. वाटपे न झालेली, अर्धे सहहिस्सेदार मुंबईला अशी स्थिती या जिल्ह्यात सर्रास असल्याने ही अडचण इथे विशेष महत्त्वाची ठरते.

क्षेत्राच्या बाबतीत एक दोष मात्र खरोखर संगणकाचा आहे. ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही; बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ०.१ दहा वेळा मिळवून १ शी ताडून पाहिले, तर दोन्ही समान नाहीत असे उत्तर येते. जमीन असो वा बँकेचे खाते, अशा संख्यांनी ताळा घेतला की कागदावर जुळणारी बेरीजही ‘तफावत’ म्हणून लाल होते. उपाय जुनाच आहे: सगळ्यांत लहान एकक घ्यायचे आणि पूर्णांकात मोजायचे. जमीन चौरस मीटरमध्ये, रक्कम पैशांत साठवावी आणि दाखवताना तिचे हेक्टर-आर किंवा रुपये करावेत.

तिसरा गट अक्षरांचा. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने कार्यालयांपर्यंत नेले. विंडोजच्या काळात मात्र सरकारी व खासगी कार्यालयांत फॉन्टवर आधारलेले टंकन बोकाळले. त्यात अक्षर साठवले जात नसे, अक्षराचा आकार साठवला जाई. ‘शिर्के’ हे आडनाव अशा पद्धतीत डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे आधी ऱ्हस्व वेलांटी, मग श, मग क, मात्रा आणि शेवटी रफार, असे साठते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो: श, त्याची वेलांटी, मग र्, मग के. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने वेलांटी तिच्या अक्षरानंतर आणि रफार मात्रेसकट अक्षर ओलांडून त्याच्या आधी नेला नाही, तर नाव मोडते. मोडलेले नाव निदान दिसते तरी. शोधात न सापडणारे नाव अधिक त्रास देते.

मराठीतल्या ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो: एकीत त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरतात, दुसरीत नेहमीचा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ‘कऱ्हाडकर’ दोन्ही रीतींनी लिहिले तर पडद्यावर सारखेच दिसते, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे असतात. जुन्या लेखनाने यात भर घातली. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे जुन्या पानावर ‘गांवकर’ आणि नव्या फेरफारात ‘गावकर’ येतो आणि आठ-अ मध्ये एकाच माणसाची दोन खाती तयार होतात. त्यात नावाच्याच रकान्यात ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेले असले तर तिसरे खाते होते. यावर प्रोग्रामने करायचे दोनच उपाय आहेत: साठवण्यापूर्वी लेखन एका रूपात आणणे आणि ओळख नावावर न ठेवता खाते क्रमांकावर ठेवणे.

गावांच्या नावांनाही हेच लागू आहे. कुडाळ तालुक्यात तुळसुली तर्फ माणगाव आहे आणि तुळसुली क. नारूरही आहे. ‘तर्फ’ कधी पूर्ण, कधी ‘त.’ असे लिहिले जाते. गावाला कायमचा संकेतांक नसेल, तर एका तुळसुलीची नोंद दुसऱ्या तुळसुलीत जाऊ शकते. सर्व्हे व हिस्सा नंबरांचे दुखणे थोडे वेगळे: ते मजकूर म्हणून साठवले की क्रम १, १०, ११, २ असा लागतो, आणि ‘१२/१अ’ मधला आकडा कोणी देवनागरी तर कोणी इंग्रजी अंकात लिहिला की शोध फसतो. म्हणून सर्व्हे नंबर आणि हिस्सा वेगळ्या रकान्यांत ठेवावे लागतात.

माहिती भरण्याच्या या टप्प्यानंतर फेरफार ऑनलाइन नोंदवणारी ई-फेरफार प्रणाली आली आणि तालुक्यातला संगणक मागे पडून राज्यस्तरावरच्या साठ्याशी थेट काम सुरू झाले. दस्तनोंदणीची आय-सरिता प्रणाली तिला जोडली गेली. खरेदीखत नोंदले की त्याची माहिती तलाठ्याकडे आपोआप पोहोचू लागली. ऑनलाइन कामाने नव्या जातीचे दोष आणले. एकाच सर्व्हे नंबरवर दोन फेरफार एकाच वेळी चालले, तर मागून जतन केलेला आधीचा पुसून टाकू शकतो. म्हणून अशा प्रणालीत प्रत्येक व्यवहार पूर्ण होईपर्यंत नोंद अडवून ठेवावी लागते. सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफार दाखवण्याचा फायदा असा की खरेदीदारालाही काम अर्धवट असल्याचे कळते. संपर्क मध्येच तुटला तर व्यवहार एकतर पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असलेल्या घाटाखालच्या गावांत ‘सर्व्हर डाऊन’ हे एकच नाव तीन वेगळ्या दोषांना मिळते: गावातली जोडणी गेलेली, मधला सर्व्हर थकलेला, किंवा डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपलेली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून कोणती पायरी कुठे अडली हे आधी ठरवावे लागते. या कामासाठी जिल्ह्याच्या पातळीवर ‘डीडीई’, म्हणजे डिस्ट्रिक्ट डोमेन एक्स्पर्ट, नेमण्याची पद्धत पडली; तलाठ्याची भाषा आणि प्रोग्रामरची भाषा दोन्ही समजणारा हा महसूल खात्यातलाच माणूस असतो.

साठलेल्या चुकांच्या निवारणाची मोहीम राज्यभर टप्प्यांनी झाली. ओडीसी, म्हणजे ऑनलाइन डेटा करेक्शन, या सोयीत तफावतींचे अहवाल निघतात: क्षेत्र न जुळणारे, खाते दुबार असलेले, फेरफाराचा संदर्भ नसलेले सातबारे. एडिट आणि नंतर री-एडिट मॉड्यूलमध्ये हस्तलिखित व संगणकीय सातबारा समोरासमोर ठेवून तपासला गेला. २०१७ मध्ये चावडी वाचन झाले. गावकऱ्यांसमोर नोंदी वाचून आक्षेप घेण्यात आले. प्रोग्रामला न दिसणाऱ्या चुका, उदाहरणार्थ बेरीज जुळते पण नावच दुसऱ्याचे आहे अशा, या वाचनातच पकडता येतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पुढच्या नव्या नमुन्यात कमी झालेली नावे आणि बोजे कंसाऐवजी आडवी रेष मारून दाखवले जाऊ लागले, शेती व बिगरशेती क्षेत्राची एकके स्पष्ट झाली. कंसाची रीत ठाऊक नसलेल्यालाही आता चालू मालक ओळखता येतो.

दुकानाच्या हिशेबात चूक सापडली की ती दुरुस्त करून पुढे जाता येते. अधिकार अभिलेखात दुरुस्ती हाच एक महसुली व्यवहार आहे. टंकनातली किंवा नकलेतली चूक असली, तरी संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो, संबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि दुरुस्तीचा स्वतंत्र फेरफार होतो. त्यामुळे थेट साठ्यात जाऊन आकडा बदलण्याची सोय प्रणालीत ठेवता येत नाही. कोणी, केव्हा, कोणत्या आदेशाने काय बदलले याचा माग राहावा लागतो. शिवाय १५५ फक्त लेखनदोष आणि संबंधितांनी मान्य केलेल्या चुका यांच्यापुरते आहे. मालकी कोणाची हा वाद त्या कलमाखाली मिटवता येत नाही.

ही मर्यादा सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ आणि गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींत स्पष्ट दिसते. गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सामुदायिकपणे कसलेल्या या जमिनींच्या सातबाऱ्यावर शासनाचे नाव लागले आणि त्यावरून दीर्घकाळ मागण्या व वाटाघाटी चालल्या. तिथे बेरीज, अक्षर, क्रम यांपैकी काहीही चुकलेले नसते. सॉफ्टवेअर त्याला दिलेला निर्णय बिनचूक दाखवत असते. अशी तक्रार आली की ती प्रोग्रामरच्या यादीतून काढून महसूल अधिकाऱ्याकडे किंवा शासनाकडे पाठवायची असते. सातबाऱ्याच्या कामात दोषाचे निदान म्हणजे सर्वप्रथम हीच विभागणी: चूक कागदातली आहे, भरण्यातली आहे, अक्षरसंकेतातली आहे, हिशेबातली आहे, जोडणीतली आहे की निर्णयातली. पहिल्या पाच चुका तपासून आणि आदेश घेऊन दुरुस्त होतात. सहावीसाठी निर्णयच बदलावा लागतो.