ऑनलाइन नोंदींवरून वंशावळ शोध

ऑनलाइन नोंदींवरून वंशावळ शोध म्हणजे संकेतस्थळांवरील सूची आणि जुन्या दस्तऐवजांच्या प्रतिमा यांच्या आधारे एखाद्या कुळाच्या मागील पिढ्या निश्चित करणे होय. महाराष्ट्रात कुलवृत्तांत, वारसाहक्क व जातीचा दाखला यांसाठी असा शोध घेतला जातो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यानंतर अनेक जिल्हा प्रशासनांनी जुन्या कुणबी नोंदी संकेतस्थळांवर उपलब्ध करून दिल्या. जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना क्रमांक १४ (कोतवाल बुक) आणि शाळांची जनरल रजिस्टरे ही त्यांतील महत्त्वाची साधने होत.

नेहमीच्या चुका

नामसाम्य : आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच घराण्यात तीच नावे पुन्हा येतात व एखादी पिढी गळते किंवा दोनदा मोजली जाते.

आडनाव : पाटील, कुलकर्णी, देशमुख ही आडनावे वतनावरून आली असून ती परस्परांशी नाते नसलेल्या अनेक घराण्यांत आढळतात. जुन्या नोंदींत ‘बिन’ किंवा ‘वल्द’ या शब्दांनी केवळ पित्याचे नाव दिलेले असते. आडनाव पुष्कळदा नसतेच.

दत्तकविधान व विवाह : दत्तक गेलेल्या मुलाच्या पित्याचे नाव बदलते. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलल्यास माहेरच्या व सासरच्या नोंदी दोन व्यक्तींच्या वाटतात.

लिपी : मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिलेले असतात. त्यामुळे देवनागरी सूचीत वाचनदोष शिरू शकतात.

कालगणना : शक वर्षात ७८ मिळवले असता इसवी सन मिळतो, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात.

पडताळणी

शोध ज्ञात पिढीपासून मागे नेतात. पिता-पुत्र संबंधाचा प्रत्येक दुवा स्वतंत्र पुराव्याने सिद्ध व्हावा लागतो. गाव, काळ व भाऊबंदांची नावे जुळल्याखेरीज केवळ नामसाम्य पुरेसे ठरत नाही. सूची ही मूळ नोंदीकडे नेणारी खूण असते, पुरावा नव्हे. म्हणून मूळ पानाची प्रतिमा पाहून दस्तऐवजाचा प्रकार, गाव, वर्ष व पृष्ठक्रमांक टिपून ठेवतात. न जुळलेला दुवा वंशावळीत रिकामा ठेवतात.

कायदेशीर परिणाम

जात प्रमाणपत्रांसंबंधीच्या महाराष्ट्र अधिनियमानुसार (२००१ चा २३) खोट्या माहितीच्या आधारे मिळवलेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते व ते मिळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.