कागदाच्या पानाएवढी फट

वसईचा किल्ला पाहायला येणारी मंडळी चिमाजी अप्पांचे स्मरण करतात, पडके बुरूज पाहतात आणि परततात. १७३९ च्या वेढ्यातले शौर्य, सुरुंग, तह यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण एक साधा प्रश्न शाळेच्या पुस्तकात येत नाही. तोफेत घातलेला गोळा त्या तोफेच्या नळीत नीट बसतो की नाही, हे कोण आणि कसे पाहत असे?

प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. वेढ्याच्या काळात मुंबईच्या इंग्रजांनी किल्ल्यातल्या पोर्तुगीजांना दारू आणि गोळे पुरवले होते. पुढे चर्चची चांदी आणि काही पितळी तोफा तारण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपये कर्जाऊही दिले. आता विचार करा, तोफ एका देशात ओतलेली आणि गोळा दुसऱ्या देशाचा. गोळा तसूभर मोठा निघाला तर नळीत अर्ध्यावर अडकणार. फार लहान निघाला तर दारूचा जोर बाजूने निसटून जाणार आणि नेमही चुकणार. म्हणून त्या काळी मुद्दाम थोडी फट ठेवत. इंग्रजांच्या चोवीस पौंडी तोफेची नळी आतून सुमारे ५.८ इंच, तर गोळा सुमारे ५.५ इंच. गंज, काजळी, ओबडधोबड ओतकाम या सगळ्याची सोय त्या पाव इंचात होई. बाकी सारे गोळंदाजाच्या नजरेवर आणि हातावर.

नजरेवरचा हा भरवसा पुढे फ्रान्समध्ये कमी झाला. ग्रिबोवाल नावाच्या अधिकाऱ्याने १७६५ पासून तोफखान्याची घडी नव्याने बसवली. त्यात प्रत्येक गोळा दोन कड्यांतून तपासला जाई. मोठ्या कड्यातून तो गेलाच पाहिजे आणि लहान कड्यातून जाता कामा नये. आमच्याकडे वालिव-सातिवलीच्या गाळ्यांत लेथवर काम करणारी मुले हीच युक्ती रोज वापरतात. तिला ती 'गो' आणि 'नो-गो' गेज म्हणतात. त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की आपल्या हातातले हे गेज तोफगोळ्यांच्या त्या कड्यांच्या जातीचे आहे?

एकोणिसाव्या शतकात दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी ही तिन्ही पितळेच्या एका पुंगळीत आली आणि बंदूक मागून भरता येऊ लागली. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला. इथे फटीचा अर्थच बदलला. तोफेतली फट गोळ्याच्या बाजूने होती, काडतुसातली महत्त्वाची फट पुंगळीच्या मागे असते. काडतूस चेंबरमध्ये जिथे अडून थांबते तिथपासून मागच्या बोल्टच्या तोंडापर्यंत जे अंतर, त्याला हेडस्पेस म्हणतात. थ्री-नॉट-थ्री रायफलचे काडतूस बुडाशी असलेल्या कडेवर अडते. कड नसलेले सरळ पिस्तुली काडतूस बहुधा पुंगळीच्या तोंडावर अडते. आणि बाटलीसारखा गळा असलेले काडतूस त्या गळ्याखालच्या खांद्यावर अडते.

असे बाटलीच्या घाटाचे पिस्तुली काडतूस म्हणजे १८९६ च्या माऊझर पिस्तुलाचे. आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात त्याला जागा आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात बंगालच्या क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीची ५० माऊझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली. काडतुसांचा आकडा पाहिला म्हणजे त्या योजनेचे शहाणपण कळते. पिस्तूल एक वेळ लपवून आणता येईल, पण त्या खांद्याचे काडतूस गावठी लोहाराकडून करून घेता येणार नाही. नुसते पिस्तूल म्हणजे किल्ली नसलेले कुलूप.

रिकामी पुंगळी पुन्हा भरायची म्हटली की ही अडचण सर्वांत जास्त जाणवते. बार उडतो तेव्हा पितळ फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते. म्हणून भरण्यापूर्वी पुंगळी डायमध्ये दाबून मापात आणावी लागते. डाय जरा जास्त खाली लागला तर खांदा मागे ढकलला जातो आणि काडतुसामागे फट राहते. मग बार उडताना पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला धरून राहतो आणि बूड मागे ताणले जाते. बुडाच्या थोडे वर पितळ पातळ होत जाते आणि तीच पुंगळी पुन्हा पुन्हा भरली तर एक दिवस तिथेच तुटते. तापलेला वायू मग उडवणाऱ्याच्या हाताकडे आणि डोळ्यांकडे येतो. उलट खांदा पुरेसा मागे गेला नाही तर पिस्तूल नीट बंदच होत नाही.

पिस्तुलाच्या काडतुसाचा खांदा असतो अगदी इवलासा. शिवाय पुंगळी ओढून काढणारी आकडी कधी कधी आखूड काडतूसही धरून ठेवते, त्यामुळे दोष लपतो. म्हणून जाणकार दारू घालण्याआधीच रिकामी पुंगळी गेजमध्ये टाकून पाहतात. गेजच्या तोंडाला दोन पायऱ्या असतात, पुंगळीचे बूड त्या दोहोंच्या मध्ये यायला हवे. काहीजण पिस्तुलाची नळी सुटी करून तीत पुंगळी टाकतात आणि कारखान्याच्या काडतुसाशी तिची तुलना करतात. रायफलच्या चेंबरसाठी असलेल्या 'गो' आणि 'नो-गो' गेजांत फरक किती? साधारण कागदाच्या एका-दीड पानाएवढा. तोफेच्या पाव इंचाशी ताडून पाहा.

आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे हा घरबसल्या करायचा उद्योग नाही. राज्यात हे काम खडकी आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यांत चालते. कायद्याकडे आपण बंडाच्या भीतीतून पाहतो, पण त्याला ही दुसरी बाजूही आहे. गावठी कट्टा आणि कसेबसे भरलेले काडतूस समोरच्याइतकाच धरणाऱ्याचाही घात करू शकते.

वसईच्या बुरुजावरचा गोळंदाज चुकला तर बहुधा त्याचा नेम फुकट जाई. काडतूस भरणारा चुकला तर ती चूक आठवड्यांनी, कदाचित दुसऱ्याच माणसाच्या हातात फुटते. एवढ्यासाठी कुणीतरी दिव्याखाली बसून एकेक पुंगळी गेजमध्ये टाकून बघत असतो. इतिहासात त्याचे नाव येत नाही. निदान त्याचे काम काय होते एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.